अकरा गुंठ्यांत मावणारी शर्यत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत सध्या सायकलवरून चांगलीच जुंपली आहे. कुणी म्हणतं शहरात सायकलींसाठी वेगळी पट्टी आखा, कुणी म्हणतं जिल्ह्याला स्वतःचं वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं खास स्टेडियम, हवं. एका गृहस्थांनी तर लिहिलंय की आजच्या पोरांना सायकल फुकट दिली तरी ती मोबाईलच मागतील. इथं कॉव्हेंट्रीत रोज सकाळी चहाबरोबर मी आपलं दैनिक संगणकावर वाचतो. जन्म कोल्हापूरचा, हयात इंग्लंडात गेली, वय सत्तरीपार, गुडघे कुरकुरतात. वाचकांचं पत्र लिहायला लागणारी सगळी पात्रता आहे, तेव्हा छोट्या जागेत मावणाऱ्या एका सायकल शर्यतीबद्दल माझंही चार ओळींचं म्हणणं छापावं. चारच्या जास्त झाल्या तर कात्री आपल्या हातात आहेच.

वेलोड्रोमला माझा विरोध नाही. पुण्याच्या बालेवाडीत ते आहे, त्याचा वापर व्हावा. मुंबई–पुणे शर्यत तर १९४५ पासूनची. बोरघाट पहिला चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून डोक्यावर घेणारे आपण लोक. पण वेलोड्रोमला कोटींत पैसा लागतो, आणि घाटाच्या शर्यतीला गियरची महागडी सायकल, वर्षभराचा सराव नि खुराक. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही, फक्त एक जुनी सायकल आणि अंगात रग आहे, त्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं काय करायचं? मी तसलाच पोरगा होतो म्हणून विचारतो.

मी खेळलो ती शर्यत सायकल स्पीडवेची. आपल्याकडं हे नाव कुणाच्या कानावर गेलं असेल असं वाटत नाही, म्हणून आधी सांगतो ती काय असते. मातीचा लंबवर्तुळाकार ट्रॅक, एक फेरी साधारण सत्तर ते नव्वद मीटरची. एका वेळी चारच खेळाडू, दोन या संघाचे, दोन त्या संघाचे. चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट्या दिशेनं, म्हणजे वळण कायम डावीकडंच. सायकलीला गियर एकच आणि ब्रेक नाही. समोरची फीत वर उडाली की सुटायचं. पाऊण मिनिटात खेळ खल्लास. दोन मिनिटांत पुढचे चौघे उभे. अशा पंधरा-वीस शर्यती झाल्या की गुणांची बेरीज करून सामना कुणाचा ते ठरतं.

हे सगळं मोटारसायकलवाल्यांकडून उचललेलं. मोटारसायकलींची स्पीडवे इंग्लंडात १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचला सुरू झाली. ५०० सीसीची मोटारसायकल, तिलाही ब्रेक नाही, पोटात पेट्रोलऐवजी मिथेनॉल, आणि खेळाडूच्या डाव्या बुटाला पोलादी तळवा, वळणावर तो जमिनीला टेकवून मागचं चाक घसरवत न्यायचं. कॉव्हेंट्रीजवळ ब्रँडन इथं त्याचं स्टेडियम होतं, दर शनिवारी रात्री तिथं शर्यती. कॉव्हेंट्रीचा संघ ‘बीज’ नावाचा, म्हणजे मधमाश्या. १९६८ साली ब्रिटिश लीग त्यांनीच जिंकली. त्यांचा नायजेल बूकॉक सगळे काळं चामडं घालायचे तेव्हा निळं घालून उतरायचा, त्यामुळं धुळीतसुद्धा कुठं आहे ते कळायचं. त्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं तेल असायचं, त्याचा जळका वास अख्ख्या स्टेडियमवर पसरायचा. बाबांना मी एकदाच तिथं नेलं. परतताना बसमध्ये म्हणाले, “एरंडेलाचा वास घ्यायला पैसं मोजतोस व्हय रं? घरी आईला सांगितलं असतंस तर फुकट पाजलं असतं.”

बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, टर्नर होते. १९६४ मध्ये कामाचं व्हाउचर, म्हणजे इंग्लंडात नोकरीचा परवाना, मिळवून ते कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात लागले. आई आणि मी दोन वर्षांनी आलो. कॉव्हेंट्री तेव्हा कारखान्यांनी भरलेलं. त्याच्याही आधी ते सायकलींचं गाव. दोन सारख्या चाकांची, साखळीनं मागचं चाक फिरवणारी, आपण आज जिला सायकल म्हणतो तिचा नमुना जॉन केम्प स्टार्ली यानं १८८५ मध्ये इथंच बाजारात आणला, ‘रोव्हर’ नावानं. हे मला शाळेत नाही, सायकलच्या दुकानात कळलं. शाळेत मला फार काही कळत नव्हतं, इंग्रजी कच्चं होतं.

क्लब मला दाखवला तो बाबांच्याच कारखान्यातल्या टूलरूममधल्या एका फिटरनं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना न विचारता ते बरं नाही. आपण त्याला कारभारी म्हणू, कारण क्लबचा कारभार तोच बघायचा: ट्रॅकवर पाणी मारण्यापासून वर्गणीच्या सिक्सपेन्सा मोजण्यापर्यंत सगळा. चाळिशीचा असेल तेव्हा, आम्हाला म्हातारा वाटायचा. मूळचा पूर्व लंडनचा, आणि या खेळाच्या अगदी पहिल्या पोरांपैकी.

त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा लंडनमध्ये बॉम्बनं सपाट झालेल्या मोकळ्या जागा गल्लोगल्ली होत्या. लवकर कुणी बांधायला येणार नव्हतं. पेट्रोलचं रेशनिंग १९५० पर्यंत चाललं, खेळायची मैदानं अनेक ठिकाणी भाजीपाल्यासाठी नांगरलेली, आणि घरात कुणाच्या पैसा नाही. मोटार स्पीडवेची स्टेडियमं मात्र पुन्हा उघडली आणि तुडुंब भरू लागली. ते बघून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी पडक्या जागेवर जमायची. विटांचा ढिगारा बाजूला सारायचा, मोठे दगड वेचायचे, चुलीची राख आणि कोळशाची खर आणून पसरायची, आतल्या कडेला अर्ध्या विटा मांडायच्या. ट्रॅक तयार. भंगारातल्या सायकलीचे मडगार्ड, दिवा, कॅरियर, ब्रेक सगळं उतरवायचं, हँडल उलटसुलट करून रुंद करायचं. वर्तमानपत्रांनी या पोरांना ‘स्किड किड्स’, म्हणजे घसरणारी पोरं, असं नाव ठेवलं. आपल्याकडं प्रत्येक पेठेची तालीम असते ना, पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल, आणि एकाच्या पोरानं दुसऱ्याच्या गल्लीतून जाताना मान खाली घालायची नसते, तसंच ते होतं: प्रत्येक गल्लीचा संघ, संघाला वाघ-सिंहाचं नाहीतर गरुडाचं नाव, आणि बहिणींनी शिवून दिलेलं छातीवरचं निशाण.

मग सरकारनं त्या जागांवर घरं बांधायला घेतली, आणि पोरं अठरा वर्षांची झाली की सक्तीच्या लष्करी नोकरीत जाऊ लागली. संघच्या संघ दोन वर्षांसाठी गायब. कारभारीही गेला. परत आला तर त्याच्या ट्रॅकवर तीन मजली इमारत उभी, आणि पहिल्या मजल्यावर त्याचीच मावशी राहायला आलेली. हे सांगताना तो हसायचा. मला मात्र तो खेळ मेला कसा नाही याचंच आश्चर्य वाटतं. मेला नाही, कारण जिथं तिथं एखादा असा कारभारी निघाला आणि त्यानं नगरपालिकेच्या मागं लागून बागेचा एक कोपरा मिळवला. आमचा ट्रॅक तसाच मिळालेला. एका सार्वजनिक मैदानाच्या टोकाला, फुटबॉलवाल्यांना नको असलेल्या उताराच्या जागेवर.

कॉव्हेंट्रीत बॉम्बच्या जागा मी आलो तोवर फारशा उरल्या नव्हत्या. १४ नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीत इथं पाचशेहून अधिक माणसं गेली आणि जुनं कॅथेड्रल जळालं, त्याच्या भिंती अजून तशाच उभ्या ठेवल्यात. नवं कॅथेड्रल शेजारीच, १९६२ मधलं. कोल्हापूरहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ते दाखवतो, आणि मग हळूच वाहनांच्या संग्रहालयात सायकली बघायला नेतो. पाहुण्यांना पहिलं आवडतं.

आता सायकलीचं. बाबांना कळलं की पोरगं बिनब्रेकची सायकल चालवतंय, तेव्हा घरात जो दंगा झाला तो शेजारच्या गोऱ्या बाईनंही ऐकला. “सायकलीला ब्रेक न्हाई म्हंजे काय? डोस्कं ठिकाणावर हाय का? उद्या म्हणशील घराला दार नको!” मी काय समजावणार. कारभारीनंच जेवणाच्या सुट्टीत बाबांना गाठलं आणि कागदावर ट्रॅक काढून दाखवला. चौघंही एकाच दिशेला, एकमेकांना चिकटून. यात पुढच्यानं कचकन ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावर चढणार. ब्रेक कुणालाच नसला की कुणीच अचानक थांबू शकत नाही, सगळ्यांचा वेग पायांवरच कमीजास्त होतो. मोटारवाल्यांचं कारणही हेच. बाबा मशीनवरचे गृहस्थ, तर्क बरोबर असला की ते भांडण सोडून द्यायचे. सोडलं, पण एक अट घातली: ही सायकल रस्त्यावर चालवायची नाही, मैदानापर्यंत हातात धरून न्यायची. आम्ही सगळेच तसं करायचो. नियमच होता.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. माझ्यापेक्षा बाबांनाच त्या सायकलीचं वेड लागलं. भंगारवाल्याकडून आणलेली जुनी रोडस्टर, म्हणजे साधी रस्त्यावरची सायकल, त्यांनी नळीपर्यंत सोलली. पहिली अडचण पायडलची. वळणावर सायकल डावीकडं इतकी कलते की डावं पायडल खाली आलं की जमिनीला आपटतं आणि मागचं चाक उचलून फेकतं. पाय थांबवावा तर वेग जातो. म्हणून पायडलचा एक्सल बसतो तो भाग जमिनीपासून नेहमीपेक्षा उंच पाहिजे. बाबांनी खालच्या नळ्या कापून, तो भाग वर घेऊन, पितळेनं पुन्हा जोडल्या. जोड इतका सफाईदार की कारभारी भिंगातून बघत होता. दुसरं, गियर. सुटताना पहिल्या दहा मीटरांत जो पुढं जाईल त्याचीच आतली बाजू, म्हणून गियर हलका लागतो. समोरचं दात्यांचं चक्र लहान घ्यायचं, मागचं फ्रीव्हील जरा मोठं. फार हलका केला की सरळ पट्टीवर पाय पंख्यासारखे फिरतात आणि सायकल पुढं जात नाही. इथं प्रत्येकाचं स्वतःचं शास्त्र होतं आणि शनिवारची निम्मी सकाळ त्यावरच्या वादात जायची. मागच्या चाकाला खवल्यांचा टायर, पुढचा त्यामानानं गुळगुळीत चालायचा. हँडल रुंद आणि वर वळलेलं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, मात्र दर आठवड्याला काढावा लागे. चौघांच्या धक्काबुक्कीत स्पोक सैल होणारच.

धक्काबुक्की म्हटलं ते खरंच. खांद्याला खांदा लागणं हा या खेळाचा भाग आहे. हात सोडून ढकललं, किंवा आडवी सायकल घातली, तर रेफरी बाद करतो. पण कोपर बाहेर काढून जागा धरणं चालतं. खेळाची सगळी कला पहिल्या वळणात. आतला खेळाडू वळणातून बाहेर फेकला जाणार हे बाहेरच्याला ठाऊक असतं. तो मुद्दाम रुंद जातो, आणि आतला बाहेर सरकला की खालून त्याच्या आणि विटांच्या मधल्या फटीत पुढचं चाक घालतो. फट मिळाली तर पुढच्या सरळ पट्टीवर तो एक सायकल पुढं. नाही मिळाली तर गुडघा सोलतो. फट आहे की नाही हे ठरवायला अर्धा सेकंद मिळतो. शाळेच्या गणितात मी कच्चा होतो, हे गणित मात्र मला पटकन यायला लागलं.

माझी आई एका गोष्टीवरून कायम हैराण असायची. माझा डावा बूट आठवड्याला झिजायचा आणि उजवा नवाकोरा राहायचा. “एकाच पायानं चालतोस काय रे तू?” वळणावर पाय टेकवायची ती किंमत. शेवटी कारभारीनं सगळ्या पोरांचे फक्त डावे बूट एका चांभाराकडून मोटारीच्या टायरचा तळ लावून आणले. पण आईनंही पुढं हात लावलाच. छातीवर घालायचे संघाचे अंगरखे तिनं शिलाई मशीनवर शिवून दिले, पिवळे, वर काळं निशाण. तिला इंग्रजी येत नव्हतं. क्लबच्या चहाच्या टेबलामागं उभ्या असलेल्या इतर पोरांच्या आयांना मराठी येत नव्हतं. तरी कुणाचं कापड किती लागेल हे त्यांचं व्यवस्थित ठरायचं. मला वाटतं इंग्लंडात तिची पहिली ओळख त्या टेबलामागं झाली, देवळात नाही. 

सगळं गोड होतं असं कुणी समजू नये. २० एप्रिल १९६८ ला इनॉक पॉवेल या इंग्रज खासदारानं शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये आमच्यासारख्यांविरुद्ध ते गाजलेलं भाषण केलं. कॉव्हेंट्रीतला बसस्टॉप त्यानंतर काही महिने वेगळाच वाटत होता. मी तेरा वर्षांचा. दुसऱ्या वर्षी मी संघात आलो, तर एका बाहेरच्या सामन्यात समोरच्या संघातला एक पोरगा फीत सुटायच्या आधी मला माझ्या रंगावरून काहीबाही बोलला. मी काही बोललो नाही. आमच्या संघात दोन आयरिश भाऊ होते, त्यांनी ऐकलं. पुढच्या शर्यतीत तो पोरगा आणि हे दोघे एकत्र होते. पहिल्याच वळणावर दोघांनी मिळून त्याला असा बाहेर काढला की तो गवत ओलांडून प्रेक्षकांच्या दोरीपाशी थांबला. रेफरीनं मोठ्याला बाद केलं आणि धाकट्याला ताकीद दिली. आमचे गुण बुडाले, सामनाही गेला. कारभारीनं सगळ्यांसमोर दोघांची हजेरी घेतली. संघासाठी खेळता की भांडायला येता, वगैरे. परतताना मात्र गाडी थांबवून त्या दोघांना चिप्स घेतल्या, आणि आम्हाला कुणालाच घेतल्या नाहीत. मला आजही वाटतं की रेफरीचा निर्णय बरोबर होता. आणि चिप्सचाही.

या खेळाची गुणांची पद्धत मला फार आवडते, आणि ती आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. मोटार स्पीडवेत पहिल्याला तीन, मग दोन, एक आणि शेवटच्याला शून्य.  सायकलवाले पहिल्याला चार, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन आणि शेवटच्यालाही एक देतात. कुठलीही पद्धत घ्या, एक गोष्ट कायम राहते: तुमचा गडी पहिला आला आणि त्याचा जोडीदार चौथा, तर समोरचे दुसरे-तिसरे आलेले दोघे तुमच्याशी बरोबरी करतात. पहिला आलेल्याला टाळ्या, पण फळ्यावर बरोबरी. म्हणून नुसता वेगवान पोरगा संघाच्या उपयोगाचा नसतो. त्यानं मागं वळून बघायचं असतं, जोडीदार कुठं आहे, त्याला आतली वाट करून देता येते का, समोरच्याला बाहेर थोपवता येतं का. आणि शेवटच्यालाही गुण मिळतो म्हणून पडलेला पोरगा उठून, साखळी निघालेली असली तरी सायकल ढकलत रेषा ओलांडतो.

मी काही चॅम्पियन नव्हतो. वेगात आमच्या संघात चार-पाच जण माझ्या पुढं होते. पण जोडीला मी चांगला होतो, हे कारभारीच्या लवकर लक्षात आलं. वुल्व्हरहॅम्प्टनकडच्या एका संघाशी शेवटच्या शर्यतीपर्यंत आम्ही जेमतेम पुढं होतो. बरोबरी केली की सामना आमचा, म्हणजे दुसरा आणि तिसरा नंबर पुरे. त्यांचा एक गडी असा होता की त्याला पकडणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. कारभारी फक्त म्हणाला, त्याला जाऊ द्या. फीत उडाली, तो गेला. राहिलेला एक आमच्या दोघांच्या मध्ये. माझा जोडीदार आत, मी बाहेर. दुसऱ्या फेरीत मी रुंद जायचं सोडून दिलं आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून तसाच राहिलो. त्याला बाहेरून जायला वाट नाही, आतून जावं तर पुढं जोडीदाराचं चाक. तीन फेऱ्या तसंच. शेवटच्या वळणावर त्याचा धीर सुटला, त्यानं आतून घुसायचा प्रयत्न केला, विटांना चाक घासलं आणि अडखळला. मी तिसरा. आयुष्यात तिसरा नंबर आल्यावर मला कुणी खांद्यावर घेतलं असेल तर ते त्या दिवशी. बाबा आले होते. सगळं बघून त्यांनी एवढंच विचारलं, की तुझ्या मागच्या चाकातून कट्‌कट्‌ आवाज का येत होता.

विशीनंतर माझा खेळ सुटला. अप्रेंटिसशिप संपली, रात्रपाळ्या लागल्या, लग्न झालं. पुढं रेफरीचं काम केलं काही वर्षं. तो अनुभव लिहिण्यासारखा नाही, त्यात नुसत्या शिव्या आहेत. खेळ मात्र चालू आहे. इंग्लंडात क्लब आहेत, ब्रिटिश सायकलिंगच्या छत्राखाली लीग चालते, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेगळे गट आहेत. पोलंडवाले तर आता इंग्रजांना पाणी पाजतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला एका क्लबचं नाव अजून ‘फिंडन स्किड किड्स’च आहे. आमचं ब्रँडनचं मोठं स्टेडियम मात्र २०१६ नंतर बंद पडलं. सायकलवाल्या पोरांना लागते ती जागा इतकी लहान की ती सहसा कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मी हिशेब केला. ऐंशी मीटरची फेरी घ्या. बावीस मीटरच्या दोन सरळ पट्ट्या, टोकांना साधारण पावणेसहा मीटर त्रिज्येची दोन वळणं, ट्रॅकची रुंदी पाच मीटर. सगळं मिळून पंचेचाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद तुकड्यात बसतं. म्हणजे अकरा गुंठे आणि थोडं वर. गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरात होतो तेव्हा एवढे रिकामे कोपरे मी रिक्षातून सहज मोजत होतो. शाळांच्या मैदानांची टोकं, पालिकेच्या आरक्षित आणि वर्षानुवर्षं पडून असलेल्या जागा, ज्यांवर सध्या फक्त चारचाकी उभ्या राहतात. इथं बारीक लालसर दगडाची खर वापरतात, आपल्याकडं चाळलेला मुरूम आहे. खाली पाण्याचा निचरा होईल असा थर, वर मुरूम, रोलर, सामन्याआधी पाणी. कोल्हापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर ट्रॅक बंद ठेवावा लागेल. इथं उलट हिवाळ्यात बंद असतो, कुणाचं काही बिघडत नाही. आतली कड मात्र विटांची करू नये. आम्ही विटांवर गुडघे फोडले ते पुरे. पांढरी रेघ आणि आतल्या बाजूला मऊ गवत ठेवावं. बाहेरच्या कडेला खांब, झाडं, दगड काही नको. हेल्मेट, लांब बाह्या, हातमोजे, गुडघ्याला पॅड, यात सूट नको.

सायकलींचं म्हणाल तर प्रत्येक वाड्यात, जिन्याखाली, एक जुनी सायकल गंजत पडलेली असते. ती कापून, जोडून द्यायला उद्यमनगरात जेवढे हात आहेत तेवढे कॉव्हेंट्रीत आता उरले नाहीत, हे मी दुःखानं लिहितो. तालमींना फुटबॉलचे संघ चालवायची सवय आहे, वर्गणी गोळा करायची सवय आहे, ईर्ष्या तर विचारू नका. एका मोठ्या स्पर्धेच्या बक्षिसाची नुसती रक्कम बाजूला काढली तरी ट्रॅकच्या खर्चाला हातभार लागेल. पोरींचे संघही पहिल्या दिवसापासून असावेत. आमच्या वेळी त्यांना गुण लिहायला बसवायचे, तो मूर्खपणा पुन्हा नको.

पालकांना बिनब्रेकची सायकल पटवणं हे सगळ्यात अवघड काम, हे मला मान्य आहे. त्यासाठी कारभारीसारखं कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागेल, एकेका बापासमोर. हौशी माणूस एक मिळाला तरी पुरतो.

बाबांनी काढलेलं फ्रेमचं मापाचं चित्र माझ्याकडं आहे, पेन्सिलीतलं, तेलाचे डाग पडलेलं. त्याची स्वच्छ प्रत करून आपल्या कार्यालयाकडं पाठवत आहे. कुणी तालमीनं, शाळेनं किंवा वर्कशॉपनं मागितली तर कृपया द्यावी. मापं इंचांत आहेत. पायडलच्या एक्सलची उंची तेवढी चित्राप्रमाणंच ठेवावी, बाकी हाताशी असेल त्या नळीत भागवलं तरी चालतं.

कळावे,
आपला एक वाचक
(निवृत्त टूलमेकर, मूळचा कोल्हापूर, सध्या कॉव्हेंट्री, इंग्लंड)